ऐंशीच्या घरातला आवाज

मंडळाच्या मागच्या श्रवणसत्रात मी एक रेकॉर्डिंग लावलं होतं. जे आले होते त्यांना आठवत असेल. सुरुवातीला खरखर, मग तंबोरा, मग सारंगी आणि मग एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज. चौथ्या की पाचव्या मिनिटाला मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "आजोबांना पाणी द्या रे." सगळे हसले. मीही हसले, कबूल करते. आठव्या मिनिटाला मी ते बंद केलं आणि आपण चहाला गेलो.

चहा पिताना वाटत राहिलं की आपण चूक केली. चूक हसण्याची नव्हे, ते काय. चूक माझी होती. तो आवाज कुणाचा, किती वर्षांचा, कुठे बसून गायलेला, यातलं काहीही न सांगता मी प्ले दाबलं होतं. म्हणून हा लेख. सत्रात पाच मिनिटांत सांगायला हवं होतं ते आता लांबण लावून सांगते.

आवाज उस्ताद रजबअली खाँ यांचा. जन्म 1874, मृत्यू 1959. गाव देवास.

देवास म्हटलं की मराठी माणसाच्या तोंडून एकच नाव निघतं, कुमार गंधर्व. त्यात गैर काही नाही. क्षयाने आजारी असलेले कुमार 1948च्या जानेवारीत कोरड्या हवेसाठी देवासला आले, काही वर्षं गाणं बंद, अंथरुणावर पडल्यापडल्या कानावर माळव्याची लोकगीतं, मग स्ट्रेप्टोमायसिन आणि मग ते सगळं नवं गाणं. ही गोष्ट आपल्याला शाळेच्या धड्यासारखी पाठ आहे. पण हिशेब करून बघा. 1948 ते 1959 ही अकरा वर्षं देवास दोघांचंही गाव होतं. एक चोविशीतला, ज्याला डॉक्टरांनी गायला मनाई केलेली. दुसरा पंचाहत्तरीकडे झुकलेला, ज्याला वय मनाई करत होतं आणि जो ऐकत नव्हता. पहिल्याबद्दल मराठीत किती लिहिलं गेलंय ते ग्रंथालयात जाऊन बघा. दुसऱ्याचं नाव मी वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत ऐकलं नव्हतं, आणि आमच्या घरी गाण्याची आवड आहे असं आम्ही समजतो.

आता मी यांच्यापर्यंत पोचले कशी, तर फार वाकड्या वाटेने. मला पोस्ट-पंक आवडतं. 1970च्या दशकाच्या शेवटी ब्रिटनमध्ये ज्यांना धड वाजवता येत नव्हतं अशा मुलामुलींनी बँड काढले, त्यांचं संगीत. त्यातल्या बऱ्याच बँडचं सगळ्यात चांगलं काम त्यांच्या अल्बममध्ये सापडत नाही, रेडिओवर सापडतं. बीबीसीच्या रेडिओ वनवर जॉन पील नावाचा निवेदक होता. तो बँडना लंडनच्या मेडा वेल स्टुडिओत बोलावायचा. एका दिवसात साधारण चार गाणी ध्वनिमुद्रित करायची, संध्याकाळी घरी. 'द स्लिट्स' या मुलींच्या बँडचं पहिलं सत्र सप्टेंबर 1977चं आणि त्यांचा पहिला अल्बम 1979चा. मधल्या दोन वर्षांत वाजवणं सुधारलं, निर्माता आला, गाणी नीटनेटकी झाली. ज्यांना त्या मुली मुळात कशा होत्या ते ऐकायचंय ते आजही रेडिओवालं रेकॉर्डिंगच काढतात.

हे पीलचं औदार्य होतंच, पण त्यामागे एक रुक्ष करारही होता. रेडिओवर दिवसभर तबकड्याच वाजल्या तर वादकांची पोटं कशी भरणार, म्हणून वादकांच्या संघटनेने आणि रेकॉर्ड कंपन्यांनी बीबीसीवर बंधन घातलं होतं. बाजारातल्या तबकड्या दिवसाकाठी ठरावीक वेळच लावायच्या. उरलेल्या वेळेत माणसं बोलावून वाजवून घ्या. म्हणजे आज ज्याला आपण खजिना वगैरे म्हणतो तो वेळ भरून काढण्यातून तयार झाला.

आपल्याकडे आकाशवाणीचं मूळही असंच माणसं बोलावून गाऊन घेण्यात आहे. 'गीतरामायण' हे आपलं सगळ्यात लाडकं उदाहरण. पुणे केंद्रावर 1 एप्रिल 1955च्या रामनवमीला सुरू झालं, आठवड्याला एक असं वर्षभर चाललं, छप्पन्न गीतं झाली. ते मुळात रेडिओचं काम होतं हे आता विसरायला झालंय, कारण पुढे त्याच्या तबकड्या, कॅसेट, कार्यक्रम, सगळं निघालं. शास्त्रीय गायकांची मात्र शेकडो तासांची सत्रं अशी आहेत की जी फक्त रेडिओसाठी झाली आणि रेडिओतच राहिली. पीलच्या सत्रांबद्दल वाचत होते तेव्हा एका रात्री सहज मनात आलं, आपल्याकडे असं कोण आहे, ज्याचं गाणं तबकडीत नाही आणि रेडिओतच आहे? शोधता शोधता दोन-तीन नावं निघाली. त्यातलं एक हे.

योगायोग असा की माझी मावशी इंदूरला शिकवते. दिवाळीच्या सुट्टीत तिच्याकडे गेले होते, तेव्हा बसने देवासला गेले. जेमतेम तासाचा रस्ता. साहित्याच्या विद्यार्थ्यांसाठी देवासला आणखी एक अर्थ आहे. ई. एम. फॉर्स्टर 1921मध्ये इथे थोरल्या पातीच्या महाराजांचे खाजगी चिटणीस होते. 'अ पॅसेज टू इंडिया'च्या शेवटच्या भागातला तो गोकुळाष्टमीचा गोंधळ त्यांनी इथेच पाहिलेला. धार आणि देवास दोन्ही पवारांची संस्थानं, आणि त्यात देवासची पुन्हा दोन शकलं, थोरली पाती आणि धाकटी पाती. एकाच गावात दोन राजे, दोन दरबार. फॉर्स्टरला याची गंमत वाटली होती. मला वाटलं, गवयांना बरं असेल.

टेकडीवर चामुंडा आणि तुळजाभवानी. खाली कुमारांचं घर, 'भानुकुल'. मी बाहेरूनच पाहिलं. रजबअली खाँसाहेबांबद्दल बसस्टँडजवळच्या चहावाल्याला विचारलं. त्याने जरा आठवलं आणि म्हणाला, "हाँ, वो प्रोग्राम होता है ना उनके नाम का." होतो खरा. त्यांच्या आणि त्यांचे पुतणे अमानत खाँ यांच्या नावाने देवासला संगीत समारोह भरतो. एवढं तरी आहे. मी चहा प्यायले, पुढच्या बसने परतले. या प्रवासातून मला काही दुर्मीळ टेप वगैरे मिळाली असं कुणाला वाटत असेल तर तसं झालं नाही. रेकॉर्डिंग सगळ्यांना मिळतं तसंच मला मिळालं. कुणा शौकिनाच्या टेपवरून कुणी कॅसेट केली, कॅसेटवरून कुणी फाइल केली, फाइल फिरत फिरत माझ्या फोनमध्ये आली.

आता मुद्दा. हे गाणं म्हातारपणीचंच का उरलं?

तीन माणसं शेजारी ठेवून बघू. अल्लादिया खाँ, जयपूर घराण्याचे. जन्म 1855, मृत्यू 1946. त्यांचा आवाज कुठेच नाही. ना तबकडी, ना टेप. भास्करबुवा बखले 1922मध्ये गेले, त्यांचंही तसंच. बालगंधर्वांच्या गुरूचा आवाज कसा होता, हे आपल्याला शिष्यांच्या गळ्यावरून ताडावं लागतं. दुसरे अब्दुल करीम खाँ, जन्म 1872. रजबअलींपेक्षा जेमतेम दोन वर्षांनी मोठे. पण त्यांनी तबकडीशी लवकर जुळवून घेतलं. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीच्या त्यांच्या तबकड्या आहेत आणि 1930च्या दशकातल्या तर घरोघरी पोचल्या. तीन-साडेतीन मिनिटांत राग उभा करायचा म्हणजे चिमटीत समुद्र, पण त्यांच्या आवाजाची जात अशी की चिमटीतही चव लागायची. ते 1937मध्ये गेले तेव्हा त्यांचं गाणं कंपनीच्या गोदामात सुरक्षित होतं.

रजबअली खाँ या दोघांच्या मधले. तबकडीच्या जमान्यात त्यांचं भरभक्कम वय होतं, पण तिथे त्यांचं गाणं जवळजवळ नाहीच. त्यांच्या गाण्याचा प्राण तानेत. ती तान एकदा सुटली की कुठे जाईल ते त्यांनाही आधी ठाऊक नसावं. तिला तीन मिनिटं म्हणजे खुराड्यात घोडा. टेप आली तेव्हा वेळेचं बंधन सैल झालं, पण तोवर खाँसाहेब ऐंशीच्या घरात. आकाशवाणीच्या ध्वनिमुद्रणाचं वेगळं खातं 1954चं, देवासपासून चाळीसेक किलोमीटरवरचं इंदूर केंद्र मे 1955चं. गीतरामायण सुरू होऊन दोन महिनेही झाले नव्हते तेव्हाचं! खाँसाहेबांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला तोही 1954मध्येच, केसरबाई केरकरांच्या पाठोपाठच्या वर्षी. म्हणजे देशाने त्यांच्याकडे वळून पाहिलं आणि त्यांचा आवाज पकडायचं यंत्र आलं, ते एकाच सुमाराला. आवाज तेवढा निघून गेला होता.

मधे आणखी एक गोष्ट घडली होती. संस्थानं गेली. 1948मध्ये धार-देवासही मध्य भारतात विलीन झाली. खाँसाहेबांच्या पिढीचा गवई दरबारावर जगलेला. देवास आणि कोल्हापूर ही दोन्ही दरबारं त्यांनी पाहिली, आणि ती सोयरिकीतलीच. शाहू महाराजांची मुलगी देवासच्या थोरल्या पातीत दिलेली, पुढे देवासचेच राजे कोल्हापूरला दत्तक गेले. अशा दरबारात गाणाऱ्याला वेळ विचारायची पद्धत नसते. आता नवा धनी आला, रेडिओ. त्याच्याकडे घड्याळ होतं, करार होता, लाल दिवा होता. 1952 नंतर तर गायकांची आवाज-चाचणीही सुरू झाली. श्रीकृष्ण रातंजनकरांसारखे पंडित परीक्षक असूनही अनेक बुजुर्गांना ती अपमानाची वाटली, आणि मोठं भांडण झालं. त्या भांडणात शिरत नाही. सांगायचं एवढंच की ज्याला आपण साधं 'रेकॉर्डिंग' म्हणतो, ते एका माणसाने एका पूर्णपणे परक्या जागेत केलेलं काम असतं.

जागा कशी ते डोळ्यांपुढे आणा. भिंतींना आवाज शोषणारे पट्टे. समोर श्रोता नाही, काच आहे. काचेपलीकडे एक माणूस, तो मान डोलावतोय की आकडे बघतोय ते कळत नाही. वाहवा नाही. जुन्या महफिलीत पहिला अर्धा तास गळा तापवण्यातच जायचा आणि लोकांना ते ठाऊक असायचं, ते पान लावत बसायचे. रेडिओवर अर्धा तास म्हणजे सगळा कार्यक्रम. गळा तापला की दिवा विझला. म्हाताऱ्या गवयाला हे दुप्पट जाचणार, कारण तरुण गळा दहा मिनिटांत खुलतो आणि ऐंशीचा गळा चाळीस मिनिटं घेतो.

पेटीही नाही. मी आमच्या पॅरिशमध्ये रविवारच्या मराठी मिस्साला पेटी वाजवते, म्हणून हे मला विशेष लागतं. 1940 ते 1971 अशी एकतीस वर्षं आकाशवाणीवर पेटीला बंदी होती. तिचे सूर ठोकळ, श्रुती चुकतात, ती परदेशी, असे आक्षेप. आक्षेप अगदी खोटे नाहीत. पण ज्यांनी पडेल गळ्याच्या गायकाला साथ केली आहे त्यांना कळेल, पेटी ही भिंत असते. गवई थकला की तिला टेकतो, सूर भरून निघतो. सारंगी भिंत होत नाही. ती गळ्यासारखीच हलते, गळ्याच्या मागोमाग जाते, गळा चिरला की ते झाकत नाही. रजबअली खाँ सारंगीयाच्या घरातले. वडील मंगलू खाँ सारंगीही वाजवत. तेव्हा त्यांना पेटीची उणीव भासली नसेल. आपल्या कानाला भासते. आपल्या बैठकीत जे हसू आलं त्यातलं थोडं या उघडेपणाचं होतं.

आणि थोडं चक्क यंत्राचं असू शकतं. टेपवरून टेप काढताना दोन यंत्रांची गती सारखी नसेल तर सूर सरकतो. गती सहा टक्क्यांनी वाढली की स्वर अर्ध्या पट्टीने चढतो. सफेद एकचं गाणं काळी एकमध्ये जातं. नुसती पट्टी चढली तर बिघडत नाही, पण सोबत आवाजाचा पोतही बदलतो, जाड गळा पातळ, किनरा होतो, लय धावती होते. म्हातारा माणूस आणखी म्हातारा ऐकू येतो. अशा चार-पाच नकला एकामागून एक झालेल्या असतील तर मूळ आवाजाचं काय उरलं ते देवालाच ठाऊक. हे तपासायचा खात्रीचा उपाय नाही, पण ऐकताना तंबोऱ्याकडे लक्ष द्या. तंबोरा मच्छरासारखा वाटायला लागला तर गती कमी करून बघा. फोनवर दोन बोटांचं काम आहे. मी माझी प्रत चार टक्के हळू करून ऐकते. ती बरोबर आहे असा दावा नाही, पण त्या गतीला माणूस दम खाऊन बोलल्यासारखा वाटतो.

एवढी सगळी धूळ झटकल्यावर खाली काय आहे?

तान आहे. आपण जी तान ऐकून टाळ्या वाजवतो ती बहुतेक वेळा सपाट असते. सा रे ग म प ध नी सां, आणि तशीच परत. किंवा अलंकाराची, सा ग रे म ग प म ध, म्हणजे पायरी सोडून पायरी. ऐकणाऱ्याला दुसऱ्या फेऱ्यात साचा कळतो आणि तिसऱ्या फेऱ्यात तो गायकाच्या आधी पोचतो. त्यातही सुख आहे, नाही म्हणत नाही. रजबअलींच्या तानेत साचा पकडला असं वाटतं आणि तिथेच तो मोडतो. सा ग रे म, हं, आता ग प, नाही, खाली गेला, मंद्रातून वळसा, वर कुठेतरी एक स्वर दोनदा, आणि सम मात्र जिथे यायची तिथेच. वक्र तान म्हणतात ती हीच. ती गाताना दम कमी पडतो, एखादा स्वर पुसट होतो, शेवटचा 'सा' अर्धाच लागतो. पण वळण चुकत नाही. हात थरथरणाऱ्या माणसाने सही करावी तशी. रेघ कापते, सही त्याचीच असते.

ही वळणं आली कुठून, याचं एक उत्तर बीनमध्ये आहे. किराणा घराण्याचे मूळपुरुष मानले जातात ते बीनकार बंदे अली खाँ. त्यांच्याकडून रजबअलींना बीनची तालीम मिळाली. बीनेवर उड्या घेता येतात. एका पडद्यावरून चार पडदे पलीकडे बोट जातं, मग तार ओढून मधला प्रवास करता येतो. गळ्याला हे सहज येत नाही, कारण गळा शेजारच्या स्वराकडे घसरतो. बीन वाजवणारा माणूस गायला लागला की त्याचा गळा बोटांची सवय घेऊन येतो. जयपूरच्या गुंतागुंतीच्या तानेचा संस्कारही त्यांच्यावर सांगतात. कोल्हापूरला अल्लादिया खाँ असताना तो झाला नसता तरच नवल. पण मला स्वतःला त्यांच्यात बीनच जास्त ऐकू येते. जाणकारांनी कान उपटावेत.

एवढ्याने पटत नसेल तर उलट्या वाटेने या. मला पटलं ते असंच. आधी शिष्य ऐका, मग गुरू. इंदूरचे अमीर खाँ, 1912चे. ज्यांच्या गायकीचा आपल्यावर संस्कार झाला त्यांत रजबअलींची तान धरतात. अमीर खाँसाहेबांच्या मारवा आणि दरबारीची एलपी 1960ची, गळा ऐन भरातला, ध्वनिमुद्रण स्वच्छ. त्यात विलंबित संपता संपता येणाऱ्या ताना नीट ऐका, दोनदा ऐका. मग कोल्हापूरचे निवृत्तीबुवा सरनाईक. ते अल्लादिया खाँकडेही शिकले आणि रजबअलींकडेही. मग इंदूरचे कृष्णराव मुजुमदार, ज्यांना माळव्यात मामासाहेब म्हणत, पेशाने इंजिनीअर. यांच्या गळ्यात ती वळणं दात पडलेली नाहीत, पूर्ण आहेत. आणि तुम्हाला शास्त्रीय ऐकवतच नसेल तरी तुमची या घराशी ओळख आहे. लता मंगेशकर सुरुवातीच्या वर्षांत ज्यांच्याकडे शिकल्या ते अमानत खाँ देवासवाले म्हणजे रजबअलींचे पुतणे आणि शिष्य. ते काकांच्या आधीच गेले. म्हणजे ऐंशीच्या घरातला हा माणूस त्या स्टुडिओत बसला तेव्हा ज्याच्यात आपली गायकी उतरवली तो पुतण्या त्याच्यामागे नव्हता. हे मला कळलं त्या दिवसानंतर ते रेकॉर्डिंग मी चालता-चालता ऐकू शकलेली नाही. बसून ऐकते.

शिष्य ऐकून परत आलात की गंमत घडते. म्हाताऱ्याच्या तानेत जिथे स्वर पुसट होतो तिथे आपला कान तो भरून टाकतो. जुनी वही वाचताना पाण्याने गेलेला शब्द आपण आपोआप वाचतो ना, तसं.

एक प्रश्न आपल्याच सभासद मैत्रिणीने विचारला होता, तो प्रामाणिक होता म्हणून टाळत नाही. गाणं उतरलेलं असेल तर ते जपायचं कशाला? गायकालाही ते आवडलं नसतं कदाचित. पीलच्या सत्रांबद्दल असं कुणी विचारत नाही, कारण तिथे कच्चेपणा तरुणांचा असतो आणि तरुणांचा कच्चेपणा आपल्याला गोड लागतो. सुरुवात सगळ्यांना ऐकायची असते. शेवट ऐकायला कुणी बसत नाही. माझ्याकडे तिला द्यायला तयार उत्तर नव्हतं. अजूनही तिच्या प्रश्नातला अर्धा भाग मला पटतो. त्या काळी टेप महाग होती, एकदा प्रसारण झालं की पुसून तीच पुन्हा वापरायची रीत बीबीसीतसुद्धा होती. तरीही कुणीतरी ही टेप पुसली नाही. आळस म्हणून, विसरून, की आवडली म्हणून, कळायला मार्ग नाही.

माझा अडकण्याचा मुद्दा मात्र वेगळा आहे, आणि तो घरचा आहे. माझे आजोबा वसईला आमच्या चर्चमध्ये चाळीसेक वर्षं उपवासकाळात क्रुसाच्या वाटेची गीतं सांगायचे. 'सांगायचे' म्हणजे पहिली ओळ ते उचलणार, मागून सगळं देऊळ. उंच, सरळ आवाज होता म्हणे. मी लहानपणी ऐकलाय, पण ऐकला एवढंच आठवतं, आवाज आठवत नाही. त्या वर्षांत कुणी रेकॉर्ड केलं नाही. दर वर्षी असायचेच ना ते. आमच्याकडे आहे ती एकच क्लिप, मामाने फोनवर घेतलेली, शेवटच्या गुड फ्रायडेची. आजोबा खाटेवर, बाजूला ऑक्सिजनचं यंत्र घरघरतंय, आणि ते पहिली ओळ उचलतात. दुसऱ्या शब्दापाशी श्वास संपतो. थांबतात. मग तिथूनच पुढे. आईने ती कधी ऐकली नाही. "ते बाबा नाहीत," म्हणते. मला दुसरे माहीतच नाहीत.

रजबअली खाँ ऐकायला लागल्यावर मी ती क्लिप पुन्हा काढली. श्वास सोडून बाकी काय आहे ते ऐकायला. तर जिथे ते थांबतात तिथे ओळीचा ताल तुटत नाही. थांबा बरोबर एका आवर्तनाएवढा आहे. मी हाताने ठेका धरून मोजलं. श्वास संपला म्हणून थांबलेला माणूस पुढच्या शब्दासाठी जागेवर येतोय.

पुढच्या श्रवणसत्रात मी तेच रेकॉर्डिंग पुन्हा लावणार आहे, यावेळी आधी अमीर खाँ, मग निवृत्तीबुवा आणि मग खाँसाहेब, या क्रमाने. ज्यांना हसायचंय त्यांनी हसावं, फक्त द्रुत संपेपर्यंत थांबा. चहा नंतर.

फोनमधली क्लिप मी दोन ठिकाणी उतरवून ठेवली आहे. मामाने तिला नाव दिलं नव्हतं, नुसते आकडे होते. आता त्यावर लिहिलंय: आजोबा, वय 82, गुड फ्रायडे, घरी, ऑक्सिजन चालू असताना.